गाडी नक्की कोणाची? सेकंडहँड स्पोर्ट्स कार ऑनलाइन घेताना डीलरला कसं पारखायचं

२०२४च्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराला मी दिल्लीच्या एका डीलरला ५० हजार रुपये टोकन पाठवलं. लाल रंगाची, २०११ची पोर्श बॉक्स्टर एस. सोळा फोटो, एक व्हिडिओ, मागे इंग्रजी गाणं आणि नंबरप्लेटवर पांढरी पट्टी. मी मेकॅनिकल इंजिनिअर, तेही पुण्याचा, आणि त्या पट्टीखाली काय आहे हे न विचारता पैसे पाठवून मोकळा. बायको अजून ऐकवते.

ती गाडी घेतली नाही. ५० हजारांतले ३० हजार चार महिन्यांनी परत आले, उरलेले 'ऑफिस चार्जेस' झाले. वर्षभराने दुसरी बॉक्स्टर घेतली, करड्या रंगाची, मुंबईतून, आणि तीही डीलरकडूनच. म्हणजे डीलर तेवढे सगळे चोर असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण पहिल्या वेळी जो प्रश्न विचारला नाही तो दुसऱ्या वेळी सगळ्यात आधी विचारला: ही गाडी नक्की कोणाची?

जाहिरात देणारे तीन प्रकारचे असतात. पहिला स्वतःचे पैसे घालून गाडी विकत घेतो आणि मग विकतो. दुसरा 'पार्क अँड सेल'वाला: गाडी मालकाची, जागा डीलरची, कमिशन दोघांत ठरलेलं. तिसऱ्याकडे फक्त फोटो असतात. तो दुसऱ्याच डीलरच्या पेजवरून फोटो उचलतो, किंमत दीड लाखाने वाढवून टाकतो आणि गिऱ्हाईक लागलं की मूळ डीलरला फोन करतो. फोनवर तिघंही 'अपनी ही गाडी है सर' असंच म्हणतात.

१. आधी नंबर आणि चेसिस नंबर मागा

फोटोत नंबर झाकणं हा गुन्हा नाही, बरेच जण सवयीने झाकतात. पण मागितल्यावर 'टोकन द्या, मग देतो' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. नंबर मिळाला की एमपरिवहन ॲपवर किंवा 'वाहन' पोर्टलवर टाका. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण पहिली नोंदणी कधी झाली, विम्याची आणि पीयूसीची मुदत, बँकेचा बोजा, ब्लॅकलिस्ट ही माहिती दिसते. ई-चलन वेगळं तपासा. स्पोर्ट्स कारला वेगाची चलनं असणारच, नसली तरच आश्चर्य.

माझ्या लाल गाडीची जाहिरात होती 'फर्स्ट ओनर, डॉक्टर ड्रिव्हन'. टोकन गेल्यावर आरसीचा फोटो आला. मालक गुरुग्रामची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, नोंद तिसऱ्या मालकाची आणि वर एका बँकेचा बोजा. डॉक्टर कुठे, असं विचारलं तर म्हणाला, 'डायरेक्टर साहब पीएचडी हैं.'

कंपनीच्या नावावरची गाडी घ्यायला हरकत नाही, फक्त विक्रीला कंपनीच्या संचालक मंडळाचा ठराव आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लागतं. डीलरने 'ते नंतर देतो' म्हटलं तर ते कधीच येत नाही असं समजा.

चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. सुरुवातीची तीन अक्षरं गाडी कोणी बनवली ते सांगतात: पोर्शची स्पोर्ट्स कार असेल तर डब्ल्यू-पी-शून्य, ऑडी टीटी हंगेरीत जुळते म्हणून टी-आर-यू. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. आरसीवर 'ओ' दिसला तर एकतर टायपिंगची चूक आहे किंवा पुढे बरंच काही निघणार आहे. नंबर काचेखाली, दाराच्या चौकटीवर आणि बॉडीवर, सगळीकडे एकच हवा. गाडी चोरीची नाही ना, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' सेवेवर पाहता येतं.

२. गाडीच्या आधी डीलरचे कागद बघा

हे फार कमी लोक करतात. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी भरून तसं पोर्टलवर कळवायचं, म्हणजे त्या गाडीची जबाबदारी डीलरवर येते. डीलरला विचारा: 'ऑथरायझेशन सर्टिफिकेट पाठवा, आणि या गाडीचं २९-सी झालंय का?' आमच्या लाल गाडीवाल्याने 'वो सब साउथ में होता है' असं सांगितलं. मुंबईच्या डीलरने दहा मिनिटांत दोन्ही पाठवलं. गाडी मी बघितलीही नव्हती, पण निम्मा निर्णय तिथेच झाला.

जीएसटी नंबर मागून पोर्टलवर नाव आणि पत्ता जुळवा. पत्ता नकाशावर बघा. शोरूमच्या जागी पिठाची गिरणी दिसली तर समजून जा.

आणि एक जुनी युक्ती अजून चालते: 'मी फौजेत आहे, बदली झालीय, गाडी स्वस्तात द्यायचीय', सोबत वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र. पैसे 'येण्यासाठी' क्यूआर स्कॅन करा म्हणतात. पैसे घ्यायला स्कॅन लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही.

३. दिल्लीची गाडी स्वस्त का, हे समजून घ्या

दिल्ली परिसरात डिझेल गाडीला दहा आणि पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा राष्ट्रीय हरित लवादाने घातली आणि २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे अंमलबजावणीत बरंच मागेपुढे झालं, पण बाजाराने भाव तेव्हाच पाडले. २०११ची पेट्रोल गाडी २०२४ला तिथे सांज झालेली असते, म्हणून ती आपल्याला बोलावते.

पण ती महाराष्ट्रात आणायची तर दिल्लीच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) हवी, इथे नवा नंबर घ्यायचा (फॉर्म २७) आणि रोड टॅक्स भरायचा. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आपल्याकडे खासगी मालकाच्या पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के कर आहे, पण आयात केलेल्या गाडीला २० टक्के. गाडीच्या वयाप्रमाणे रक्कम कमी होते, तरी सुरुवात होते ती मूळ किमतीपासून, तुम्ही दिलेल्या किमतीपासून नाही. तेव्हा 'दिल्लीत पाच लाख वाचतात' हा हिशोब आरटीओच्या खिडकीवर जाऊन, आकडा लिहून घेऊनच करा. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. कागदावर.

आणखी एक: पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. आयात गाडीला २०२२पासून त्याचं शुल्कच ४० हजार आहे. २०११ची गाडी घेणाऱ्याने हा आकडा आधीच बाजूला काढून ठेवावा.

फार स्वस्त, फार दुर्मीळ आणि नोंदणी भलत्याच राज्यातली, असं तिन्ही एकत्र आलं तर आयातीचे कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री, मागा. २०२५मध्ये भूतानमार्गे चोरून आणलेल्या गाड्यांवरून कस्टम्सने केरळात छापे घातले, त्यात या गाड्या विकत घेऊन बसलेल्यांच्याच दारात अधिकारी उभे राहिले.

४. टोकन

टोकन द्यावंच लागलं तर पाच-दहा हजारांच्या वर देऊ नका. फर्मच्या चालू खात्यात द्या, कुणा 'भाईसाहेबां'च्या यूपीआयवर नको. आणि देण्याआधी व्हॉट्सॲपवर हे लिहून घ्या: गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, तपासणीत किंवा कागदांत काही निघालं तर टोकन किती दिवसांत परत. डीलर 'ओके' म्हणाला तरी पुरे. मी यातलं काहीच केलं नव्हतं, म्हणून २० हजारांसाठी भांडायला माझ्याकडे काही नव्हतं.

'आणखी दोन पार्ट्या येतायत सर, एक सुरतहून निघालीय.' ही सुरतची पार्टी माझ्या अंदाजाने गेली दहा वर्षं वाटेतच आहे.

५. तपासणी: इथे घाई करू नका

व्हिडिओ कॉलवर गाडी पसंत करू नका. स्वतः जा, किंवा त्या गावात त्याच ब्रँडचं काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजला पैसे देऊन तपासून घ्या. गॅरेज तुम्ही निवडायचं. डीलरने सुचवलेला 'आपला माणूस' हा त्याचा माणूस असतो.

किलोमीटर. लाल गाडीच्या मीटरवर २२,४०० किलोमीटर होते. मी जाऊन गाडी एका स्वतंत्र गॅरेजमध्ये नेली. तिथल्या पोऱ्याने लॅपटॉप जोडला. पोर्शच्या इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद असते. आकडा आला २,३५०. मोबाईलवर भागाकार केला: ताशी साडेनऊ किलोमीटर. म्हणजे ३१० हॉर्सपॉवरची ही गाडी जन्मभर संध्याकाळी सहाला सिंहगड रोडवरच उभी होती, किंवा मीटर मागे फिरवलंय. डीलर स्क्रीनकडे बघत राहिला, मग म्हणाला, 'सेन्सर का इशू होगा.' त्याच नोंदीत इंजिन वेगाच्या मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं, म्हणजे ओव्हर-रेव्ह, तेही दिसतं. बीएमडब्ल्यूत मीटर बदललं किंवा छेडलं आणि आतल्या नोंदी जुळल्या नाहीत की डिस्प्लेवर एक छोटा ठिपका कायमचा लागतो. प्रत्येक ब्रँडची अशी एखादी खूण असते, गॅरेजवाल्याला विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला इतिहासही मागा. शेवटची नोंद पाच वर्षांपूर्वी ४१,००० किलोमीटरची निघाली, की लॅपटॉपचीही गरज उरत नाही.

अपघात. 'नॉन-ॲक्सिडेंटल' या शब्दाला बाजारात अर्थ उरलेला नाही. विम्याची पॉलिसी बघा. नो क्लेम बोनस ५० टक्के असेल तर मालकाने पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही. शून्य असेल तर विचारा, का? रंगाची जाडी मोजायचं मीटर ऑनलाइन काही हजारांत मिळतं. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, एखाद्या दारावर ४०० आला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मीटर नसेल तर बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट बघा, पाना लागल्याची खूण रंगावर राहतेच.

पाणी. २०१५ची चेन्नई, २०१९चं सांगली-कोल्हापूर, २०२२चं बेंगळुरू. अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्या पाण्यात गेलेल्या गाड्या लिलावात काढतात आणि त्यातल्या काही नव्याने धुऊन-पुसून जाहिरातीत येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग सगळे धुतात, पण गुंडाळीच्या तळातल्या पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ तशीच राहते. सीटखालच्या रुळांवर गंज, कार्पेटखाली बारीक वाळू, आणि डॅशबोर्डवर तीन-तीन अत्तरं लावलेली. उघड्या छताच्या गाडीत पाणी शिरायला पुराचीही गरज नसते: बॉक्स्टरच्या छतालगतच्या पाणी जायच्या नळ्यांत पानं अडकली की पाणी आत उतरतं आणि सीटखालच्या अलार्मच्या कंट्रोल बॉक्सपर्यंत पोचतं. मी करडी गाडी घेताना गुडघ्यावर बसून सीटखाली हात घातला आणि वासही घेतला. शोरूममधल्या पोरांना मजा वाटली असेल, वाटू दे.

इंजिन-गिअरबॉक्स. ज्या मॉडेलची गाडी घ्यायची त्याचे ठरलेले आजार आधी पाठ करा. १९९७ ते २००८च्या बहुतेक बॉक्स्टरमध्ये आयएमएस नावाचं बेअरिंग बिघडलं तर अख्खं इंजिन जातं. २००९पासूनच्या इंजिनात ते बेअरिंगच नाही, म्हणून मी त्यापुढचीच शोधत होतो. टीटीसारख्या गाडीतल्या ओल्या क्लचच्या सहा गिअरच्या डीएसजीचं (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, ते बदलल्याची पावती मागा. इंजिन थंड असताना तुमच्यासमोर पहिल्यांदा सुरू करायला लावा. आदल्या दिवशी फोनवर तसं सांगा, आणि गेल्यागेल्या बॉनेटला हात लावून बघा. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे असतं, त्यामुळे मी पहिल्यांदा पुढच्या डिकीला हात लावून 'थंड आहे' म्हणालो होतो, ते इथे सांगून टाकतो.

टायरवरचे चार आकडे वाचा. २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असली तरी असे टायर बदलायचेच, आणि या मापाच्या चार टायरांचा खर्च किमतीतून वजा करून घ्यायचा.

मोठा आवाज करणारा एक्झॉस्ट, 'स्टेज टू' ट्यूनिंग, बदललेला रंग: मूळ सुटे भाग सोबत देणार का विचारा. गाडी आरसीप्रमाणे नसेल तर आरटीओ आणि विमा कंपनी दोघंही पुढे तुम्हालाच धरतात.

६. पैशाचा हिशोब आणि क्रम

किंमत ठरल्यावर डीलर म्हणतो, 'प्लस एटीन पर्सेंट जीएसटी.' इथे बरेच जण माना हलवतात. जुन्या गाडीवर डीलरचा जीएसटी त्याच्या मार्जिनवर लागतो. २५ लाखांना घेतलेली गाडी त्याने २८ला विकली तर कर तीन लाखांवर, म्हणजे ५४ हजार. २८ लाखांवर धरला तर पाच लाख चार हजार होतात. मधले साडेचार लाख सरकारला जात नाहीत.

दहा लाखांच्या वरच्या गाडीला डीलर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर) घेतो, तो खरा असतो आणि तुमच्या पॅनवर जमा दिसतो. विवरणपत्रात तो वळता करून घ्या. रोख 'थोडं वर, थोडं खाली' करू नका. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, आणि बिलावर कमी रक्कम असली तर उद्या भांडताना तेवढीच तुमची.

क्रम असा ठेवा: बोजा असेल तर बँकेकडून थकबाकीचं पत्र घेऊन तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात. बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आल्यावर, मालकी बदलाच्या फॉर्म २९-३०वर सह्या झाल्यावर मोठा हप्ता. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी पोर्टलवर दिसेपर्यंत काही रक्कम हातात ठेवा. 'एनओसी पंद्रह दिन में' याचा अर्थ पंधरा दिवसांनी फोन करा, एवढाच होतो.

आणि बिल डीलरच्या नावाने, जीएसटी नंबरसह घ्या. 'मैं तो बस बीच में हूँ, रसीद ओनर से लो' म्हणणारा उद्या ग्राहक आयोगात हेच वाक्य बोलणार असतो.

७. नावावर करून घेणं

मूळ मालकाने सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन 'कधीही नावावर करा' म्हणणारे डीलर आहेत. अशी गाडी आधीच दोन-तीन हातांतून फिरलेली असू शकते आणि कुणाचंच नाव लागलेलं नसतं. आता ऑनलाइन अर्जात मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जातो, त्यामुळे मालक फोनवर सापडायला हवा. पैसे देण्याआधी त्याच्याशी एकदा स्वतः बोला. एवढंच विचारा: 'गाडी विकताय हे खरं ना, आणि तुमच्या हातात किती पडतायत?' दुसरा प्रश्न डीलरला आवडत नाही.

ताबा घेतल्यापासून तीस दिवसांत मालकी बदलाचा अर्ज आणि चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा भाग नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही येत नाही. गाडी ट्रेलरवरून आणणार असाल तर वाटेचा विमा वेगळा घ्या, आणि चढवताना पुढचा बंपर खालून टेकतो का ते व्हिडिओवर घ्या.

८. फसलातच तर

ऑनलाइन पैसे उकळले असतील तर पहिल्या तासात १९३०ला फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी रोखता येतात. डीलरने लपवून विकलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. दाद नाही मिळाली तर ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, डीलर दिल्लीत असला तरी. ५० लाखांपर्यंत दिलेले असतील तर जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षं. मी २० हजारांसाठी गेलो नाही. जायला हवं होतं असं अधूनमधून वाटतं.

जवळ ठेवायच्या गोष्टी

डीलरकडून: अधिकृतता प्रमाणपत्र, २९-सी, आरसी, सध्याची आणि मागची विमा पॉलिसी, पीयूसी, सर्व्हिस इतिहास, दोन्ही चाव्या (दुसरी चावी नाही म्हणाला तर नवीन किल्लीचं कोटेशन कंपनीकडून आणून किमतीतून कापा), बिल, आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री.

मालकाकडून: पॅन, आधार, फॉर्म २९ आणि ३०, बोजा असेल तर ३५ आणि बँकेचं पत्र, परराज्याची असेल तर २८, कंपनी असेल तर ठराव.

तुमच्याकडे: टॉर्च, रंगाचं मीटर, चेसिस नंबरची छाप घ्यायला पेन्सिल आणि सेलोटेप, अंथरायला जुना टॉवेल. पांढरा शर्ट घालून जाऊ नका, गाडीखाली झोपावं लागतं.